लग्नाला गेलेलं संग्रहालय

आमच्या थोरल्या साडूंइतका बेशिस्त संग्रहालयवाला या पृथ्वीतलावर दुसरा झाला नाही, आणि होऊही नये अशी माझी देवाला हात जोडून प्रार्थना आहे. इतर संग्रहालयांत वस्तू कपाटात गपगुमान बसतात आणि माणसं येऊन त्यांना बघून जातात. आमच्या साडूंच्या संग्रहालयातल्या वस्तू लग्नाला जातात, बारशाला जातात, चार-चार दिवस मुक्काम ठोकतात आणि अंगाला हळद फासून टेम्पोतून परत येतात. लगनसराईत तुम्ही गेलात तर रिकाम्या फळ्यांवर नुसत्या पाट्या दिसतील. त्या पाट्या मी लिहिलेल्या आहेत. या संग्रहालयात कायम हजर असणारी एकमेव गोष्ट म्हणजे माझं हस्ताक्षर, हे मी अभिमानानं सांगतो. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार मिरजगाव. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, मी शाळेत मराठी शिकवून, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो, केडगावात फ्लॅट घेतला, तरी दाजींच्या लेखी मी आत्ताच मांडवातून उठून आलेला पाव्हणा आहे. स्वतः दाजींनी उभी नोकरी वायरमन म्हणून खांबावर काढली. खांबावर चढलं की गावातले सगळे माळे, पत्र्यावर टाकलेली अडगळ आणि परसात पालथी पडलेली उखळं दिसतात. फ्यूज टाकायला घरात शिरलं की उरलेलं घरही दिसतं. त्यामुळे आसपासच्या गावांत कुणाच्या घरात काय पडलंय, हे त्या घरातल्या माणसांपेक्षा दाजींना जास्त ठाऊक. रात्री-अपरात्री लाईट जोडून दिली की घरमालक म्हणायचा, "काय देऊ?" दाजी म्हणायचे, "काय नगं. ती माळ्यावरची समई काय करता?" अशा रीतीनं निम्मा तालुका उजेडात आला आणि तालुक्यातल्या समया दाजींच्या घरी आल्या. ही खोड इतकी हाडीमासी खिळली की दाजी मयताला गेले तरी त्यांची नजर माळ्यावर. एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. पोहे खाऊन बाहेर आल्यावर भाच्यानं लाजत विचारलं, "मामा, कशी वाटली?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "एक नंबर. सागवानी कडीपाट हाय, एक वासा किडल्याला न्हाई." भाच्यानं लग्न केलं. वासा खरंच किडका निघाला नाही, मुलगीही चांगली निघाली.

निवृत्त झाल्यावर घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा मेहुणीबाईंनी कमरेला पदर खोचला आणि निर्वाणीचा इशारा दिला. योगायोगानं त्याच सुमारास दाजींच्या भावाची पोल्ट्री बसली होती. लांबलचक शेड रिकामी होती. दाजींनी दोन दिवस ती धुतली, चुना मारला आणि संग्रहालय थाटलं. पाऊस पडला की अजून कोंबड्यांचा वास येतो. रस्त्यावरच्या जुन्या बोर्डावर रंग मारून आम्ही 'इतिहास संग्रहालय' असं लिहिलं खरं, पण रंग पातळ निघाला आणि खालून 'गावरान अंडी मिळतील' ही अक्षरं हळूहळू वर आली. तेव्हापासून नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात आणि लोक अंडी मागतात. मी म्हणालो, बोर्ड बदलू. दाजी म्हणाले, "बदलू नगा. इतिहास इचारत कोन थांबतंय?" त्यांनी चार ट्रे अंडी आणून दाराशी ठेवली. जो अंडी मागेल त्याला म्हणायचं, "देतो की. तवर आतून एक चक्कर मारून या." आमच्या अभिप्रायवहीत 'अंडी ताजी होती' असं बऱ्याच जणांनी लिहिलेलं आहे.

मी या भानगडीत पडलो तो विद्वत्तेच्या जोरावर. मराठी शिकवलेली, इतिहासाचे तासही अधूनमधून घेतलेले, अक्षर मोत्यासारखं. मी स्वतःच स्वतःला 'मानद अभिरक्षक' नेमलं आणि पाट्या लिहायला बसलो. एक लाकडी वाडग्यासारखी वस्तू होती, बुडाला चार भोकं. मी ती उन्हात धरली, फिरवली, दोन दिवस चिंतन केलं आणि पाटी लिहिली: 'बहुधारा अभिषेकपात्र (काष्ठ). यादवकाळ.' तिसऱ्या दिवशी अंडी घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं ती पाटी नातवाकडून वाचून घेतली आणि भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, भक्तिभावानं. तो हसत होता. "मास्तर, ह्ये चाडं हाय वो! पाभरीचं! ह्यातनं बी सोडत्यात पेरताना!" शेतकऱ्यांच्या गावात, ज्या वस्तूतून गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पेरली, त्या वस्तूला मी देवासमोर नेऊन ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी पाटी काढायला धावलो तर दाजींनी माझा हात धरला. "असू द्या पाव्हणं. चार वरसांनी तीबी जुनीच हुईल." ती पाटी आजही तिथं आहे आणि चाड्यापेक्षा तिलाच गर्दी जास्त असते.

दाजींना काळ कळत नाही. यादव, निजामशाही, पेशवाई हे सगळे त्यांच्या मते एकाच आळीत राहणारे लोक. वायरमनच्या जगात प्रकार दोनच, चालू आणि बंद. कुणी वस्तू आणून दिली की मी विचारतो, "किती जुनी?" दाजी विचारतात, "चालू हाय का?" कंदील असेल तर काच पुसून, वात घालून पेटवून बघणार. अडकित्ता असेल तर सुपारी कातरून बघणार, दात नसताना. जात्याची धार गेली असेल तर स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला टाकी लावत बसणार. पहिल्यांदा ते दृश्य बघून मी किंचाळलो होतो. "दाजी! पुरातन वस्तू आहे ती! तिच्यावर छिन्नी?" दाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जातं हाय, पाव्हणं. देवाची मूर्ती न्हाई. दळलं न्हाई तर ह्यो दगूडच हाय नुसता." यावर मी एक सुंदर उत्तर दिलं असतं, पण ते मला परतीच्या एसटीत सुचलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण लग्नं आडवी आली. लग्नाआधी सवाष्णींनी ओव्या म्हणत जात्यावर हळद दळायची, हा रिवाज तिकडच्या घरांत अजून पाळतात. पण जातं राहिलंय कुणाच्या घरात? पीठ गिरणीतून येतं, मसाला मिक्सरमधून. मिक्सरला आंब्याची पानं बांधून त्याच्याभोवती ओव्या म्हणायच्या तर बायकांनाच हसू येतं. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की दाजींच्या शेडमध्ये दहा जाती बसून आहेत. एक गेलं, हळद दळून आलं. मग दुसरं गेलं. मग उखळ, मुसळ, पाट, समया, सगळेच चटावल्यासारखे बाहेर पडू लागले. दाजी कुणाला नाही म्हणेनात. नाही म्हटलं ते फक्त एकदाच, वाढदिवसाचा केक कापायला तलवार मागायला आलेल्या पोरांना. त्यांना त्यांनी खुरपं दिलं आणि सांगितलं, "आदी बांधावरचं गवत काढा, मग केक कापा."

माझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाला हे कसं सहन व्हावं? मी बारा कलमांची नियमावली लिहिली. ज्याचं नाव वहीत आधी, त्याला वस्तू आधी. वस्तू पुसून परत करावी. आणि सहावं कलम, ज्याच्यावर माझा फार जीव होता: 'संग्रहालयास एकदा अर्पण केलेल्या वस्तूवर दात्याचा वा त्याच्या कुटुंबीयांचा कोणताही अग्रहक्क राहणार नाही.' एक शेतकरी आपला तराजू देऊन गेला होता आणि दर आठवड्याला येऊन त्यावर कांदे तोलून बघत होता, त्याला चाप लावायला ते कलम होतं. गुढीपाडव्याला मी नियमावली खड्या आवाजात वाचून दाखवली. श्रोत्यांत दाजी, मेहुणीबाई आणि अंडी घ्यायला थांबलेलं एक कुटुंब होतं. 'अग्रहक्क' म्हणजे काय, एवढंच दाजींनी विचारलं. मी समजावून सांगितलं. "म्हंजे तुमालाबी?" ते म्हणाले. "अर्थात! नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो आणि छातीवर हात ठेवला.

छातीवर हात ठेवायला कारण होतं. दाता म्हणून मीही थोर होतो. केडगावातलंच जुनं घर सोडून तिसऱ्या मजल्यावर जायचं ठरलं, तेव्हा आईचं जातं कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बायको म्हणाली, बाल्कनीत ठेवू. बाल्कनीत मला झोपाळा टांगायचा होता. मग मी 'वारसा समाजाच्या हाती सोपवण्या'वर एक छोटं भाषण केलं आणि दाजींना टेम्पो घेऊन बोलावलं. दाजींनी जात्यावर हात फिरवला, खुंटा हलवून बघितला. "आईचं का?" मी म्हणालो, "हो." "इचार केला का, पाव्हणं?" "पूर्ण विचार केलाय. घेऊन जा ती अडगळ." दाजींनी जात्याखाली पोतं घातलं आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, खड्डे बघून चालव. झोपाळा अजून करकरतो. त्यावर बसून मी पेपर वाचतो.

आणि यंदा आमच्या लेकीचं लग्न ठरलं. पुण्यात कंपनीत नोकरी करणारी मुलगी, मला वाटलं, रिवाजांचं फारसं काही म्हणणार नाही. तिनं फोनवर एकच गोष्ट मागितली. "बाबा, माझी हळद आजीच्या जात्यावर दळायची. आजी मला म्हणायची, तू नवरी झालीस की मी नसेन, जातं असेल. बाकी काही नको मला." मी म्हणालो, "हो हो, अगं आपलंच आहे ते." फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती. मग तिनं बाल्कनीतल्या झोपाळ्याकडे बघितलं.

मी तडक मिरजगाव गाठलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवूनही आधी अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग तारीख सांगितली. दाजींनी वही काढली, बोट थुंकीनं ओलं करून पानं उलटली आणि म्हणाले, "त्या मंगळवारी ते गेल्यालं हाय." गावाबाहेरच्या एका वस्तीवरच्या मुलीचीही हळद त्याच दिवशी होती. नाव दोन महिन्यांपूर्वीच लिहिलेलं. "दुसरं न्या की, पाव्हणं. नऊ हायत." मी म्हणालो, मला तेच हवं. "त्यांनाबी त्येच पायजे. थोरलीची हळद त्याच्यावर दळली, तिचं ब्येस चाललंय. धाकटीलाबी त्येच पायजे म्हनत्यात." मी नात्याचा दाखला दिला. दाजींनी भिंतीकडे बोट केलं. तिथं माझ्या मोत्यासारख्या अक्षरात सहावं कलम टांगलेलं होतं. मी मानद अभिरक्षकपदाचा राजीनामा देईन म्हणालो. दाजी म्हणाले, "बरं." मी बायकोमार्फत मेहुणीबाईंकडे वशिला लावला. त्यांनी निरोप पाठवला, 'आमचं मानूस माझं ऐकत असतं तर माझ्या देवघरात तीन हात लांब भाला उभा राह्यला नसता.' दाजींवर मी इतका चिडलो होतो की त्यांनी बांधून दिलेली डझनभर अंडी मुद्दाम तिथंच विसरून आलो. एसटीत त्याचंही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी थेट त्या वस्तीवर गेलो. नवरीची आई अंगण सारवत होती. हात तसेच शेणाचे ठेवून तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. "ते जातं… माझ्या आईचं आहे," मी शेवटी म्हणालो. तिचे डोळे मोठे झाले. "केडगावच्या आजीचं? तुमी त्यांचं लेक?" मला कळेना, हिला माझी आई कशी ठाऊक. तिनं सांगितलं ते ऐकत मी अंगणातल्या बाजेवर बसून राहिलो. दाजी जातं पाठवताना सांगतात, केडगावच्या आजीचं आहे, जपून न्या. दहा जात्यांत तेच सगळ्यांत हलकं चालतं. पोरींच्या हाताला फोड येत नाही. म्हणून सगळ्या बाया तेच मागतात. आसपासच्या किती पोरी त्याच्या हळदीनं पिवळ्या झाल्या, तिनं नावं घेऊन बोटं मोजली, बोटं संपली. "तुमची लेक म्हंजे तिची सख्खी नात की वो," ती म्हणाली. "न्या तुमी. आमी दुसरं बघू." आत दाराशी तिची मुलगी उभी होती. तिनं मान खाली घातली आणि ती आत गेली.

आता घेऊन जायचं तेवढं राहिलं होतं. मला ते जमलं नाही. मी तिथूनच लेकीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं: टेम्पो, भाषण, झोपाळा, अडगळ हा शब्दसुद्धा. मग ती म्हणाली, "बाबा, तिकडे नवरी आहे ना एक? मग मीच तिकडे येते. दोघींची मिळून दळू." एवढी अक्कल तिला कुणाकडून आली असेल? बहुधा तिच्या आजीकडून.

मंगळवारी सकाळी आम्ही जीप करून वस्तीवर पोचलो. दाजी आधीच आलेले होते. पहाटेपासून बसून त्यांनी दगडाला टाकी लावली होती, आता ओल्या फडक्यानं कच पुसत होते. माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "अंडी इसरला तुमी परवा." लिंबाखाली जातं मांडलं. खुंट्याला आंब्याची पानं आणि सुपारी बांधली. एका बाजूला आमची लेक बसली, समोर वस्तीवरची. दोघींनी खुंट्यावर हात ठेवला. बायांनी पहिली ओवी उचलली:

केडगावच्या आजीला न्हाई देखलं कोणी
तिच्या जात्याची हळद लागली साऱ्या अंगणी

ओवी संपली तशी नवरीची आई माझ्याकडे वळली. "सर, आजीचं नाव काय हुतं वो? इतक्या लग्नांत आमी केडगावची आजीच म्हनतो. पाटीवर बघितलं तर तिथं तुमचंच नाव हाय."

खरं होतं. त्या पाटीवर मी माझं पूर्ण नाव लिहिलं होतं. नावापुढे एम.ए., बी.एड., खाली 'निवृत्त मुख्याध्यापक'. पुढे जात्याचा व्यास लिहिला होता, दगडाची जात लिहिली होती. आईचं नाव लिहायचं मला सुचलंच नव्हतं. सगळ्या बाया थांबल्या होत्या. लेक माझ्याकडे बघत होती.

"भागीरथी," मी म्हणालो. "घरात भागाबाई म्हणायचे."

"भागाबाई," त्या बाईनं एकदा म्हणून बघितलं, ओवीत बसतंय का ते. बसलं. मग जातं फिरू लागलं आणि माझ्या आईनं ज्यांना कधी पाहिलं नाही अशा दहा-बारा बाया तिचं नाव घेऊन गाऊ लागल्या. मी रडलो. लपवलंही नाही. दाजींनी खिशातून रुमाल काढून दिला, त्याला ग्रीसचा वास होता.

हळद दोन डब्यांत भरली. बाया पांगल्या. दाजी माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं, आता घरी न्यायाचं का जातं? मी वहीतनं नाव काढून टाकतो. कलम गेलं खड्ड्यात." हा माणूस नियम मोडायला तयार झाला होता, आणि तोही मी लिहिलेला. मी विचारलं, "पुढचं लग्न कुणाचं आहे?" दाजींनी वही उघडली नाही. त्यांना पाठ होतं. "माहिजळगावात. बेस्तरवारी."

"मग आजच पाठवू."

आम्ही दोघांनी मिळून ते टेम्पोत चढवलं. खाली पोतं या वेळी मी घातलं. खड्डे बघून चालव, हेही मीच सांगितलं. आई माहेरी जायची तेव्हा एसटी स्टँडवर ती एकटीच जायची, पिशवी घेऊन. मला शाळा असायची, पेपर तपासायचे असायचे, काहीतरी असायचंच. टेम्पो हायवेला लागून दिसेनासा होईपर्यंत मी त्या वस्तीच्या वाटेवर उभा राहिलो. आईला कुठं पोचवायला असा मी ती जिवंत असताना एकदाही उभा राहिलो नव्हतो.